सुरक्षा सप्ताहात कारखान्यात प्रेरणादायी वक्ता बोलवायचा आहे: निवड, फी, करार याबद्दल माहिती हवी

शॉपफ्लोअर_एचआर

चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. एकूण 320 माणसं: 110 कायम कामगार, 150 कंत्राटी, बाकी स्टाफ. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, म्हणून त्या दिवशी कॅन्टीनच्या शेडमध्ये व्याख्यान ठेवायचं ठरलंय. सगळं धरून बजेट अडीच लाख. व्यवस्थापनाला नाव असलेला वक्ता हवा आहे. फर्स्ट शिफ्ट 7 ते 3:30, सेकंड 3:30 ते 12, त्यामुळे दुपारी 3 वाजता सगळ्यांना एकत्र बसवून एकच कार्यक्रम करावा असा विचार आहे.

दोन एजन्सींची कोटेशन आली आहेत. एकात "फी 1,50,000 अधिक कर", दुसऱ्यात नुसतं "पॅकेज 2,10,000". वक्ता कसा पारखायचा, करारात काय लिहून घ्यायचं आणि ऐन वेळी काय बिघडतं?

ट्रेनिंग_डेस्क

आधी नाव ठरवू नका, आधी एका पानावर लिहून काढा की या 320 जणांनी दुसऱ्या दिवशी नक्की काय वेगळं करायला हवं. "सुरक्षेबद्दल जागरूकता" असं लिहिलंत तर कोणताही वक्ता चालेल आणि कोणाचाच उपयोग होणार नाही. "निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) घडला की त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझरला सांगायचं" असं लिहिलंत की निम्मी नावं आपोआप गळतात.

वक्त्याला पारखायला एजन्सीचा तीन मिनिटांचा शो-रील पुरत नाही. त्यात टाळ्या असतात, भाषण नसतं. सलग 20 मिनिटांचं, न कापलेलं रेकॉर्डिंग मागा, तेही कामगारांसमोरचं. हॉटेलच्या हॉलमध्ये मॅनेजर मंडळींपुढे रंगणारा माणूस कॅन्टीनमध्ये रंगेलच असं नाही. मग वक्त्याशी थेट अर्धा तास फोनवर बोला. त्याने तुमच्याकडे प्रेस शॉप आहे का, कंत्राटी कामगार कुठून येतात, मागच्या वर्षी कोणत्या प्रकारचे अपघात झाले, असं विचारलं तर तो तयारी करून येणारा आहे. विचारलं नाही, तर ठरलेलंच भाषण येणार.

भाषेचं आधी बघा. कंत्राटी कामगारांत हिंदी भाषक बरेच असतील तर मराठी-हिंदी सहज आलटून पालटून बोलणारा हवा. पहिल्या दहा मिनिटांत मागच्या रांगांना समजलं नाही की मोबाइल बाहेर येतात, आणि ते पुन्हा आत जात नाहीत.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगतो. प्रेसचं दोन हातांचं बटण (दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून असतं ते) बायपास करून, लाइट कर्टन (हात आत गेला की मशिन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बंद ठेवून उत्पादन काढलं जात असेल आणि वर वक्ता "सुरक्षा तुमच्या मनात असते" म्हणाला, तर कामगाराला तो सरळ अपमान वाटतो, आणि बरोबरच वाटतो. गार्ड, सेन्सर, हातमोजे यांच्या प्रलंबित तक्रारींची यादी काढा. त्यातल्या निदान चार-पाच 4 मार्चच्या आत पूर्ण करा आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्लांट हेडने त्या वाचून दाखवू द्या. पुढच्या 45 मिनिटांना वजन त्यानेच येतं.

खातेवही

कोटेशनचं गणित करून बघा, दोन्ही आकडे जसे दिसतात तसे नाहीत.

पहिलं: 1,50,000 वर 18 टक्के जीएसटी 27,000, बिल 1,77,000. बहुतेक कंपन्या ही रक्कम व्यावसायिक फी धरून 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ फीवर, म्हणजे 15,000. हातात द्यायचे 1,62,000. कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर बिल असेल तर 27,000 चं क्रेडिटही मिळतं, म्हणजे कंपनीने भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात.

दुसरं: 2,10,000 करासकट असेल तर मूळ रक्कम 1,77,966 आणि जीएसटी 32,034. कर वेगळा असेल तर बिल 2,47,800, म्हणजे अडीच लाखांत साउंडलाही पैसे उरले नाहीत. "पॅकेज" शब्दाखाली प्रवास, मुक्काम, सोबतचा माणूस, एजन्सीचं कमिशन यातलं काय येतं ते ओळीनिशी लिहून मागा.

वक्त्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर तो जीएसटीत नोंदलेला नसणं शक्य आहे. मग बिलात जीएसटी येताच कामा नये. क्रमांक दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर टाकून तपासा, एका मिनिटाचं काम आहे.

व्हेंडर कोड (कंपनीच्या हिशेबात पुरवठादार म्हणून नोंद) आजच काढायला घ्या. पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी प्रमाणपत्र, मग पीओ (खरेदी आदेश), मग ॲडव्हान्स, या साखळीत पंधरा दिवस सहज जातात आणि ॲडव्हान्स न मिळाल्याने वक्त्याची तारीख दुसरीकडे जाते. पॅन नसेल तर टीडीएस 20 टक्के. वक्ता किंवा एजन्सी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेली सूक्ष्म वा लघु संस्था असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. "आमची 90 दिवसांची पद्धत आहे" इथे चालत नाही.

सेवेत असलेला पोलीस किंवा प्रशासकीय अधिकारी बोलवणार असाल तर मानधनाला खात्याची परवानगी लागते का, ती कोण घेणार, हे निमंत्रण देण्याआधी विचारा.

आवाज_आणि_केबल

पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. समोर दोन मोठे बॉक्स लावून व्हॉल्यूम वाढवला की पुढच्यांचे कान फुटतात आणि मागे शब्द कळत नाही. पुढे दोन आणि मध्यावर दोन लहान बॉक्स लावा, मधल्यांना डिले द्या (म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा, पुढच्याशी जुळतो), आणि चारही कमी आवाजावर ठेवा. वक्ता बॉक्सच्या पुढे चालत आला की माइक शिट्टी मारतो, म्हणून जमिनीवर पट्टी चिकटवून हद्द दाखवा.

कॉलर माइक टाळा. तो तोंडापासून वीतभर लांब असतो, आवाज वाढवावा लागतो, शेडमध्ये लगेच शिट्टी. हेडसेट माइक घ्या आणि एक हँड माइक तयार ठेवा. सेल नवे, कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी टाकलेले. सकाळच्या चाचणीतले सेल भाषणाच्या मध्यात जीव सोडतात. पेडेस्टल फॅनचा झोत स्टेजवर नको, माइकमध्ये घरघर येते.

दुपारी प्रोजेक्टर दिसत नाही. एलईडी वॉल परवडत नसेल तर स्लाइड सोडा. व्हिडिओ दाखवणार असतील तर लॅपटॉपच्या आवाजाची वायर डीआय बॉक्समधून (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी) घ्या, नाहीतर गुणगुण येते. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंतच्या काही सेकंदांत मिक्सर आणि लॅपटॉप बंद पडतात, त्या दोघांना यूपीएस द्या.

शॉपफ्लोअर_एचआर

मनापासून आभार. एजन्सीने आज कळवलंय की वक्ते शेवटी 20 कामगारांना काचेच्या तुकड्यांवर चालवतात, "भीती जाते" म्हणून. शिवाय कार्यक्रमाचं शूटिंग त्यांच्या चॅनेलवर टाकणार. आणि 3 वाजताची वेळ ठीक आहे का?

ट्रेनिंग_डेस्क

काचेवर किंवा निखाऱ्यावर चालणं सरळ नाकारा. सुरक्षा सप्ताहात, सेफ्टी शूज काढून, जोखीम मुद्दाम घ्यायला शिकवायचं? कोणाचा पाय कापला तर तो कामाच्या जागी, कंपनीच्या कार्यक्रमात झालेला अपघात आहे. करारात "कोणतीही शारीरिक करामत नाही" असं वाक्यच घाला.

शूटिंगचंही तसंच. शेडमध्ये मशिनं, ग्राहकांचे पार्ट, कामगारांचे चेहरे दिसतात. फक्त वक्त्यावर कॅमेरा, आणि प्रसिद्ध करण्याआधी तुमची लेखी मंजुरी. पुस्तकं-कोर्स विकणं आणि कामगारांचे मोबाइल नंबर गोळा करणं बंद. रद्द होण्याची बाजू दोन्हीकडून लिहा: वक्ता आला नाही तर ॲडव्हान्स 7 दिवसांत परत, बदली माणूस तुमच्या संमतीशिवाय नाही. तुम्ही पुढे ढकललंत तर 90 दिवसांत एक नवी तारीख त्याच फीत.

3 वाजताची वेळ बदला. फर्स्ट शिफ्टचं लक्ष बसकडे असतं, सेकंडला अर्धा तास आधी बोलवावं लागतं, आणि कामाच्या तासांपलीकडे थांबवलेल्यांना दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. त्याच दिवशी दोन सत्रं करा: 2:30 ते 3:15 फर्स्ट शिफ्ट, 3:45 ते 4:30 सेकंड, स्टाफ दोन्हींत विभागून. दोन्ही सत्रं आपापल्या कामाच्या वेळेत बसतात आणि शेडमध्ये एका वेळी 160 च माणसं असतात. दुसऱ्या सत्राचे जादा पैसे मागतील. फीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत द्यायला हरकत नाही, त्याहून जास्त मागत असतील तर दुसरा वक्ता बघा. प्लॅनिंगवाल्यांना दोन आठवडे आधी सांगा, म्हणजे लाइन थांबेल तेवढ्या वेळेचा स्टॉक करून ठेवतील.

सत्काराच्या शाल-श्रीफळाला आणि मान्यवरांच्या भाषणांना मिळून पाचच मिनिटं ठेवा, नाहीतर वक्त्याचे 45 चे 25 होतात. आणि कॅन्टीनच्या दारात निअर मिसची पेटी, चिठ्ठ्या आणि बांधलेली पेनं त्याच दिवशी लावा, बाहेर पडताना हाताशी येतील अशी.