मदत हवी आहे: राघू बोलत नाही, खात नाही. कोणतं औषध देऊ?

परसबाग | शनिवार, सकाळी ६:५२

आमचा राघू कालपासून बोलत नाही. बुधवारपासूनच सुस्त होता. खाणं टाकलं, दिवसा डोळे मिटून बसून राहतो. मेडिकलमधून मिळेल असं औषध सांगा, किती थेंब ते पण सांगा. पाऊस लागून आहे, गावचा रस्ता खराब आहे. मुलगा शाळेत जायला तयार नाही. लवकर सांगा जी.

पांढरा_एप्रन | सकाळी ७:१५

ताई, औषधाचं नाव कोणीही सांगितलं तरी लगेच देऊ नका. आधी हे सांगा. राघू म्हणजे आपला हिरवा, कंठवाला पोपटच ना? वय किती? शीट कशी आहे? श्वास घेताना शेपटी खालीवर हलते का? दांडीवर बसतो की पिंजऱ्याच्या तळाला? काय खातो? मी पशुवैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे. डॉक्टर नाही, पण पक्ष्यांच्या वॉर्डात ड्युटी केली आहे.

जुना_कास्तकार | सकाळी ७:३१

बाई, घाबरू नको. लसणाची एक पाकळी ठेच, वाटीभर पाण्यात टाक, तेच पाणी ठेव. चाळीस वर्षं झाले, आमच्या घरी राघू आहे. सर्दी असो का पोट, लसूणच. दुसरं काही देत नाही मी.

परसबाग | सकाळी ७:४८

हो, हिरवाच. चार वर्षांचा आहे. वादळात निंबाखाली पडलेलं पिल्लू सापडलं होतं, तेव्हा पिसंही नव्हते. शीट हिरवी आहे, पोपटाची हिरवीच राहते नं? दांडीवर कमी बसतो, दांडी गुळगुळीत आहे म्हणून खाली बसत असेल. खाणं सूर्यफुलाच्या बिया, फल्लीदाणे, मिरची, चहापोळी. सासूबाईंनी काल ओव्याचं पाणी पाजलं. आता अंग गरम लागते. तापाचं सिरप आहे घरात मुलाचं, ते देऊ का?

पांढरा_एप्रन | सकाळी ८:०२

सिरप अजिबात देऊ नका! पक्ष्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, ४० ते ४२ अंश सेल्सिअस. हाताला गरम लागतो म्हणजे ताप आहे असं नाही. आत्ता त्याला उलट ऊब लागते, आजारी पाखरू पिसं फुगवून ऊबच धरून ठेवत असतं.

असं करा. पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला कोरा कागद अंथरा, त्यात त्याला ठेवा. एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून लावा, दुसरी बाजू मोकळी सोडा. गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. आत तीसेक अंश ऊब पुरते. तोंड उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून लांब धरले तर बाटली काढा. दाणा आणि पाणी अगदी चोचीजवळ ठेवा. चमच्यानं तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. ओव्याचं पाणी पाजताना खोकला होता का?

कागद यासाठी की शीट नीट पाहता येईल. चांगल्या शीटेत तीन गोष्टी दिसतात: हिरवी किंवा तपकिरी वळी, तिच्यावर पांढरं, आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. वळीच नसेल, नुसता गडद हिरवा चिकट डाग असेल तर पोटात अन्न नाही. पांढऱ्याच्या जागी पिवळं-पोपटी असेल तर यकृताकडे पाहावं लागतं. पेरू खाल्ल्यावर शीट पातळ होते, त्याची काळजी नको. पण काही न खाता पातळ होत असेल तर काळजी आहे.

लसूण नको, काका. कांदा-लसूण जास्त झालं तर पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

जुना_कास्तकार | सकाळी ८:१०

पुस्तकातलं सांगू नका आम्हाला. माझा राघू २२ वर्षं जगला.

ठाणेकर | सकाळी ८:२५

आमच्याकडे दोन कॉकटील आहेत. मुळात बिया हाच आजार आहे. सूर्यफुलात नुसती चरबी असते, अ जीवनसत्त्व जवळपास नाही. तोंडात पांढरे चट्टे येतात, नाक वाहतं, सर्दी जात नाही. आजपासून बिया बंद, पेलेट (पोपटांसाठी तयार मिळणारा गोळीदाणा) सुरू करा. आणि लगेच एव्हियन व्हेटकडे, म्हणजे पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

पांढरा_एप्रन | सकाळी ८:३३

बियांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण दोन दिवस उपाशी असलेल्या पाखराचं ओळखीचं खाणं आज बदलायचं नसतं. अनोळखी दाण्याकडे तो बघणारही नाही. जे खाईल ते खाऊ द्या, चहा सोडून. आणि दादा, ठाण्यासारखा एव्हियन व्हेट प्रत्येक तालुक्याला नसतो. ताई, गाव कुठलं तुमचं?

सागवान | सकाळी ८:४०

कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. हिरवा राघू घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. आपल्याकडचे सगळे रानातले पोपट त्यात येतात, पहाडी पोपट आणि तोई पोपटसुद्धा. कॉकटील, बजरी ही बाहेरची पाखरं, त्यांची गोष्ट वेगळी. वनविभागाला १९२६ वर फोन करा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिथे अशी पाखरं घेतात.

परसबाग | सकाळी ८:५१

मी मूर्तिजापूरपासून आठ-नऊ किलोमीटर आत राहते. म्हणूनच मी दवाखान्यात नेत नव्हते. शेजारच्या वहिनी म्हणे, पोपट नेला तर केस होते. मी काही त्याला रानातून धरून आणला नाही. कापूस भिजवून दूध पाजून जगवला आहे. आता तुम्ही लोक केसच्या गोष्टी करून राहिले आणि तो तिकडे मान टाकून बसला आहे.

सागवान | सकाळी ८:५८

ताई, भीती घालायला लिहिलं नाही. माझे वडील वनखात्यात होते, गारपिटीनंतर आमच्या अंगणात जखमी राघूंच्या टोपल्या यायच्या. पाखरू सापडल्यावर तेव्हाच कळवलं असतं तर ते मोठं होऊन थव्यात गेलं असतं. पण आज आधी जीव वाचवा. आजारी जनावर तपासणं हे डॉक्टरांचं काम आहे.

फल्लीदाणे | सकाळी ९:०६

मिरचीचं सांगतो. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीतलं तिखट त्यांच्या जिभेला जाणवत नाही, म्हणून ते लवंगी मिरचीही मटकावतात आणि बिया दूरवर पसरवतात. तेव्हा मिरचीनं पोट बिघडलं ही शंका काढून टाका.

परसबाग | सकाळी ९:१०

मिरचीचं मी विचारलंच नाही.

नागपुरी_संत्री | सकाळी ९:१५

वावरात फवारा झाला का या आठवड्यात? पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, आत्ता सगळीकडे चालू आहे. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, तिथे पाखराची काय कथा? फवारलेल्या हातानं दाणा दिला असेल तर तेच कारण.

परसबाग | सकाळी ९:२२

मालकांनी गुरुवारी फवारा मारला. पण ते वावरातच आंघोळ करून येतात, आणि राघूचं खाणंपिणं माझ्याच हातानं होते. राघू तर बुधवारपासूनच गळला होता.

पांढरा_एप्रन | सकाळी ९:३०

फवाऱ्याच्या विषात बहुधा तोंडाला लाळ, अंगाला थरथर, पाय लुळे असं भराभर दिसतं. तसं काही आहे का? मला ओल आणि गारव्यामुळे छातीचा आजार वाटतो आहे. घरात सरपणाचा धूर किंवा मच्छरची कॉइल असते का? पक्ष्यांची फुप्फुसं फार नाजूक. नॉनस्टिकचा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनंही पाखरू दगावतं.

परसबाग | सकाळी ९:४४

चूल मागच्या पडवीत आहे, राघू ओसरीवर. थरथर नाही. शेपटी पाहिली, हलत नाही. तुमच्या सांगण्यावरून कागद टाकला. शीटेत वळी नाही, हिरवा डाग आणि लय पाणी. पाणी मात्र सारखं पिते. आणि घास बाहेर काढते, पण ते तो नेहमीच करते, मुलाला भरवते लाडानं.

पांढरा_एप्रन | सकाळी ९:४९

थांबा. लाडानं घास काढताना राघू मान वरखाली करतो आणि घास कोणासमोर तरी ठेवतो. उलटी असेल तर मान झटकतो, घास इकडेतिकडे उडतो, डोक्याची पिसं चिकट होतात. त्याचं डोकं पाहा.

परसबाग | सकाळी ९:५५

चिकट आहे. मला वाटलं चहा सांडला असेल.

पत्रा_वेल्डिंग | सकाळी १०:०८

मी खामगावला वेल्डिंगचं काम करतो, पाखरातलं मला काही कळत नाही. पण ताईंनी सकाळी लिहिलं की दांडी गुळगुळीत आहे. चार वर्षं बसलेल्या दांडीला कोणी गुळगुळीत म्हणत नाही. पिंजरा नवा आहे का? चकचकीत जाळीचा? त्यावर जस्त असते. आम्ही जस्ताचा पाइप वेल्ड केला आणि धूर अंगात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरते, माझ्या वस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तुमचा राघू तर जाळी चोचीनं सोलत असेल.

परसबाग | सकाळी १०:१५

हो. पोळ्याच्या बाजारातून आणला. जुना गंजला होता. आल्या दिवसापासून कोपऱ्यातली तार चावते. मी म्हटलं नवीन आहे म्हणून खेळून राहिला.

पांढरा_एप्रन | सकाळी १०:२१

वेल्डिंगवाले भाऊ, हे मी सर्वात आधी विचारायला पाहिजे होतं. छातीचं मी बोललो ते विसरा. उलटी, पाण्याची तहान, पातळ हिरवी शीट, गळून जाणं आणि नवी जाळी, हे सगळं जस्ताच्या विषबाधेशी जुळतं. अशा जाळीवर जस्ताचे थेंब, पापुद्रे राहिलेले असतात. राघू ते गिळतो, पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत) ते अडकून बसतात आणि रक्तात झिरपत राहतात. जुन्या डागकामातल्या शिशानंही असंच होतं. याला घरचा उपाय नाही. एक्सरेत धातूचा तुकडा दिसू शकतो, आणि धातूला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं असतात.

आजच अकोल्याला न्या, स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत. शनिवार आहे, ओपीडी किती वाजेपर्यंत ते आधी फोन करून विचारा. निघण्याआधी छातीचं मधलं हाड चाचपून पाहा. सुरीच्या पातीसारखं टोचलं तर मांस गळालं आहे. किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर वजनही करा. आणि ती शीट पडलेला कागद घडी करून सोबत न्या.

जुना_कास्तकार | सकाळी १०:३०

आमचा पिंजरा बांबूचा होता, पहिल्यापासून.

पांढरा_एप्रन | सकाळी १०:३४

काका, तुमचा राघू २२ वर्षं जगला त्यात त्या बांबूचा वाटा असेल.

ठाणेकर | सकाळी १०:४०

पिंजरा व्हिनेगरनं घासून घेतला तर चालतो, आम्ही तसंच केलं होतं.

पत्रा_वेल्डिंग | सकाळी १०:४६

वरची पांढरी भुकटी निघते, खालचं जस्त तसंच राहते. घ्यायचा तर स्टीलचा घ्या.

परसबाग | सकाळी १०:५०

वजन ९४ ग्रॅम. हाड टोचते. ढोरांच्या डॉक्टरला मालकांनी फोन लावला, ते म्हणे पाखरातलं मला जमत नाही, अकोल्यालाच न्या. मालक गाडी काढून राहिले. स्टेशनपर्यंत गाडी, मग रेल्वे. खोक्याला भोकं पाडली, बाटली लावली. अजून काही?

पांढरा_एप्रन | सकाळी १०:५३

खोक्यावर फडकं टाका, अंधारात शांत राहील. आणि एक राहिलं. मुलगा त्याला तोंडातून घास देतो का? घरात कोणाला ताप-खोकला असेल तर माणसांच्या डॉक्टरला घरात पोपट आहे हे सांगा. पोपटापासून माणसाला होणारा एक छातीचा ताप आहे, त्यावर औषध आहे, पण पोपटाचं सांगितलं नाही तर डॉक्टरच्या लक्षात येत नाही.

मोहाचं_फूल | दुपारी १:२०

माझ्या मामाकडे पण राघू आहे, तो शिट्टी मारतो पण बोलत नाही. बोलायला शिकवायला काय करायचं? नवीन धागा काढू का इथेच विचारू?

नागपुरी_संत्री | दुपारी १:४१

नवीन काढा. इथे एक पाखरू रेल्वेत आहे.

परसबाग | शनिवार, रात्री ९:१२

आत्ता घरी आलो. एक्सरेत पोटात तीन पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले तारेचे कण आहेत. इंजेक्शन दिलं, सलाइनचं पाणी कातडीखाली दिलं. पाच दिवस रोज इंजेक्शन म्हणाले. रोज येणं जमत नाही म्हणून बहिणीकडे अकोल्यालाच ठेवला आहे, ती नेईल रोज. वाचेलच असं ते म्हणाले नाहीत. पोपट कुठून आणला तेवढं विचारलं, मी खरं ते सांगितलं.

मुलगा जेवला नाही. त्याला वाटते त्यानंच विष दिलं, कारण तो चकचकीत पिंजरा त्यानं निवडला होता.

पत्रा_वेल्डिंग | रात्री ९:३०

त्याला सांगा, मी रोज जस्त हाताळतो, माझ्याही घरी कबुतराला तीच जाळी होती. आज काढली.

सागवान | रात्री ९:४२

तुम्ही खरं सांगितलं ते बरं केलं. तो बरा झाला की १९२६ वर माझ्यासोबत बोलू, मी फोनवर राहीन. हातावर वाढलेला राघू एकदम सोडला तर त्याला दाणा शोधता येत नाही, कावळे मारतात. काय करायचं ते त्यांनाच विचारू.

परसबाग | गुरुवार, सकाळी ७:०५

आज वजन १०३. काल त्यानं पेरू खाल्ला. दुसऱ्या एक्सरेत एकच ठिपका राहिला आहे. डोक्याची पिसं कोरडी आहेत. बोलत नाही अजून, पण बहीण म्हणे संध्याकाळी चोच घासत बसते, करकर आवाज येते. हे चांगलं का वाईट?

पांढरा_एप्रन | सकाळी ७:२०

चांगलं! झोपण्याआधी निवांत असलेला राघू तशी चोच घासतो. पण सव्वाशेच्या जवळ येईपर्यंत वजन रोज लिहून ठेवा, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. पिसं चढली की राघू अंगानं भरलेला दिसतो, म्हणून डोळ्यावर जाऊ नका.

परसबाग | सकाळी ७:३३

बरं. त्या पिंजऱ्याचं काय करू? सासूबाई म्हणतात कोंबडीच्या पिलांना ठेवते.

पत्रा_वेल्डिंग | सकाळी ७:३८

पिलंही टोचून पाहतात, काकू. भंगारात द्या.