पायाच्या शस्त्रक्रियेनंतर बूट एक नंबर मोठा घ्यावा का?

नौपाड्याची शिक्षिका
नमस्कार. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेल्या हाडावर माझी शस्त्रक्रिया होऊन नऊ आठवडे झाले. (डॉक्टर या दुखण्याला ‘बनियन’ म्हणतात आणि त्यावरून घरात व्हायची तेवढी थट्टा होऊन गेली आहे.) एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसल्यामुळे फळीसारख्या ताठ सोलचा तो शस्त्रक्रियेनंतरचा बूट सोडून नेहमीचे, पण रुंद पादत्राण वापरण्यास परवानगी मिळाली आणि अडचण इथूनच सुरू झाली. माझा नंबर पाच. गोखले रोडवरील एका दुकानात सकाळी जाऊन, विक्रेत्याच्या सल्ल्याने सहा नंबरचे बूट घेतले. दुकानात ते छान बसले. परंतु संध्याकाळी सूज चढली की अंगठ्याची बाजू घासते आणि टाच मात्र पावलागणिक बाहेर निघते. पुढील महिन्यापासून ठाण्याहून कोपरखैरण्याच्या शाळेत जायचे आहे. सँडलमध्ये सुजेला जागा मिळते, पण ट्रान्स हार्बर लोकलच्या फलाटावरील गर्दीत कोणाचा तरी पाय अंगठ्यावर पडेल, या विचारानेच अंगावर काटा येतो. आता सात नंबर घ्यावा का?

वाशीकर
ताई, सात नंबर मुळीच घेऊ नका. माझी हीच शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आणि मीही आधी हीच चूक केली होती. हाड जुळले म्हणजे सूज उतरली असे होत नाही. ती अनेकांना सहा महिने, क्वचित वर्षभरही, संध्याकाळी जाणवत राहते. त्यामुळे बूट घ्यायला संध्याकाळीच जावे, जे मोजे रोज घालणार तेच घालून जावे आणि दोन्ही पायांत घालून, उभे राहून पाहावे. घरून निघण्यापूर्वी कागदावर पाऊल ठेवून, उभे राहून त्याची कड पेन्सिलीने आखून घ्या, तो आकार कापा आणि दुकानात बुटाच्या तळाशी धरून पाहा. कागद बुटाच्या कडेबाहेर येत असेल, तर तो बूट पायात घालण्याचे कष्टही घेऊ नयेत. या एका कागदाने माझा निम्मा वेळ वाचवला, विक्रेत्यांच्या चेहऱ्यावरचे भाव सोडल्यास.

निवृत्त दुकानदार, जांभळी नाका
तीस वर्षे बूट विकले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते. रुंदी त्या मानाने फारच थोडी. आपल्याला जागा हवी आहे चवड्याशी, आणि आपण ती विकत घेतलीत बोटांच्या पुढे. शिवाय प्रत्येक बूट ठरावीक जागी वाकतो आणि ती जागा अंगठ्याच्या सांध्याखाली यावी लागते. लांब बुटात ती पुढे सरकते, म्हणजे नुकत्याच जुळलेल्या सांध्याला बुटाशी झगडावे लागते आणि टाचही सुटते. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पुरे.

एक सोपा उपाय फारसा कोणी सांगत नाही: पुरुषांच्या बुटांचा फर्मा (ज्यावर बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा) रुंद असतो, तेव्हा त्या विभागात किंवा मोठ्या मुलांच्या शाळेच्या बुटांत आपलाच पाच नंबर मागून पाहावा. वरचा भाग विणलेल्या, ताणणाऱ्या कापडाचा असावा आणि अंगठ्याजवळ शिवण नसावी. मात्र सोल मऊ नको. बूट हातात धरून पिळून पाहा, तो फडक्यासारखा पिळला गेला तर परत ठेवा. आतला सोल निघणारा असल्यास सूज असलेल्या दिवशी तो काढून पातळ घालता येतो. लेस बांधताना अंगठ्याकडील पहिली भोके मोकळी सोडावीत आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून घट्ट ओढावे, म्हणजे चवडा सैल राहूनही टाच जागेवर राहते.

सानपाड्याची सून
सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे डॉक्टरांनी घरात वापरण्यासाठी एम. सी. आर. चपला सांगितल्या होत्या. बधिर पावलांसाठी, विशेषतः कुष्ठरुग्णांसाठी, वापरले जाणारे हे बारीक छिद्रांचे रबर तळव्याला फार सुखाचे वाटते. घेताना मागे पट्टा असलेल्याच घ्याव्यात. अंगठ्याच्या पट्ट्याच्या साध्या स्लीपरमध्ये ती पायातून सुटू नये म्हणून बोटे सतत आवळली जातात. सूज अचानक वाढली, पाय लाल व गरम झाला किंवा पोटरी दुखू लागली, तर मात्र बुटाला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नौपाड्याची शिक्षिका
सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सात वाजता कागद घेऊन गेले. बायकांच्या विभागातील चार जोडांत माझे कागदी पाऊल मावले नाही. पुरुषांच्या पाच नंबरमध्ये मावले. रंग काळा-करडा आहे, साडीवर विचित्र दिसतो, पण दोन तास घरात घालून फिरले तरी अंगठा घासला नाही. आणखी एकच विचारते: डाव्या पायाला हा जोड किंचित सैल होतो, त्याचे काय करावे?

निवृत्त दुकानदार, जांभळी नाका
बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा, हे आपण योग्यच केले. डाव्या बुटात आतल्या सोलखाली पातळ फेल्टचा तुकडा घालावा. कोणताही बूट दुरुस्त करणारा कारागीर तो पाच मिनिटांत मापाने कापून देईल. शाळा सुरू होण्याआधी रोज थोडा थोडा वेळ बूट घाला, आणि पहिल्या प्रवासाला गर्दीच्या वेळी निघू नका.