मदत हवी आहे: गुणोत्तर आणि टक्केवारीची डेटा सफिशियन्सी कशी सोडवायची?

कुळागर:
नमस्कार मंडळी. चवथ आटोपली की बँक पीओची मेन्स तोंडावर येईल. पुढेमागे जीमॅट देऊन साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटला अर्ज करायचंही मनात आहे. बाकी गणित बरं चाललंय. डेटा सफिशियन्सीत मात्र उत्तर काढायचंच नसतं, दिलेली माहिती पुरते की नाही तेवढं सांगायचं असतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. क्लासमध्ये विचारलं तर "सराव वाढव" एवढंच ऐकायला मिळतं.

दोन गणितं देते.

पहिलं: म्हापशाच्या एका दुकानात गेल्या वर्षीच्या मानाने यंदा काजूगराची विक्री १० टक्क्यांनी आणि सोलांची २० टक्क्यांनी वाढली. दोन्ही मिळून विक्री किती टक्क्यांनी वाढली?
विधान १: गेल्या वर्षी काजूगर आणि सोलं यांच्या विक्रीचं (रुपयांत) गुणोत्तर २:१ होतं.
विधान २: दोन्हींच्या विक्रीत झालेली वाढ रुपयांत सारखीच आहे.

उत्तरसूची म्हणते, दोन्हींपैकी कुठलंही एक विधान पुरेसं. पहिलं पटलं. पण दुसऱ्यात एकही आकडा नाही, मग ते एकटं कसं पुरतं?

दुसरं: अ चा पगार किती?
विधान १: अ चा पगार ब च्या पगारापेक्षा २५ टक्के जास्त आहे.
विधान २: ब चा पगार अ च्या पगारापेक्षा २० टक्के कमी आहे.

इथे उत्तर "दोन्ही मिळूनही अपुरी". दोन अज्ञात, दोन समीकरणं, तरी अपुरी?

फोंड्याचे मास्तर:
बाय, दुसरं आधी घेऊ, ते दोन ओळींत संपतं. ब ला १०० धर, अ १२५ झाला. आता १२५ चे २० टक्के २५, ते वजा केले की परत १००. म्हणजे दोन्ही विधानं एकच गोष्ट सांगतात. कागदावर समीकरणं दोन, हातात एकच. शिवाय दोन्हींत रुपयांचं नाव नाही. पगार रुपयांत विचारलाय आणि माहिती सगळी टक्क्यांत, तिथेच शंका यायला हवी.

आता काजूगर. एकूण वाढ १० आणि २० च्या मधेच कुठेतरी पडणार, हे काही न वाचताही कळतं. नेमकी कुठे, ते गेल्या वर्षी कोणता माल किती खपला त्यावर ठरतं. त्यातही रुपये नकोत, नुसतं गुणोत्तर पुरे. म्हणून विधान वाचताना "आकडा आहे का" असं शोधू नकोस, "गुणोत्तर निघतं का" ते बघ. विधान २ म्हणतं, काजूगराचे १० टक्के बरोबर सोलांचे २० टक्के. म्हणजे काजूगराची विक्री सोलांच्या दुप्पट. झालं की २:१! पहिलंच विधान वेष पालटून आलंय. २०० आणि १०० धरलेस तर वाढ २० अधिक २०, म्हणजे ३०० वर ४०, १३.३३ टक्के. २ लाख आणि १ लाख धरलेस तरी तेच.

आता हेच विधान २ थोडं बदलून देतो: "सोलांच्या विक्रीत ५,००० रुपयांची वाढ झाली." पुरेल का, सांग.

कुळागर:
सोलांची गेल्या वर्षीची विक्री २५,००० निघते. पण काजूगराचं काहीच कळत नाही. म्हणजे आकडा असून उपयोग शून्य! सोबत "गेल्या वर्षीची एकूण विक्री ७५,०००" असं असतं तर काजूगर ५०,००० आणि पुन्हा २:१.

फोंड्याचे मास्तर:
शाब्बास. आणि दुसरं विधान तपासताना पहिल्यावर हात ठेवायचा, अगदी खरोखर, तळहाताने झाकून. पहिल्यातलं गुणोत्तर डोक्यात राहतं आणि नकळत दुसऱ्याला उधार दिलं जातं.

पेडणेकर:
मास्तरांचं सगळं मान्य, पण एक पाचर मारतो. नुसत्या गुणोत्तरावरून संख्या निघत नाही म्हणून मोकळे होऊ नका. हे बघा:

बसमध्ये बायका किती?
विधान १: पुरुष आणि बायकांचं गुणोत्तर ४:७ आहे.
विधान २: बसमध्ये ४० पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी प्रवासी आहेत.

वेगवेगळी दोन्ही अपुरी. एकत्र घेतली की एकूण प्रवासी ११ च्या पटीत हवेत, आणि ४० ते ५० मध्ये ११ च्या पटीतली संख्या एकच, ४४. बायका २८. खरा आकडा कुठेच दिला नव्हता, तरी निघाला.

कुळागर:
मग बसऐवजी तांदूळ असते, दोन जातींचे ४:७ आणि एकूण ४० ते ५० किलो, तर?

पेडणेकर:
तर अपुरी. तांदूळ साडेत्रेचाळीस किलोही असू शकतात. माणसं साडेत्रेचाळीस नसतात. म्हणून प्रश्नात माणसं, नारळ, तिकिटं दिसली की थांबायचं. किलो, लिटर, रुपये असतील तर ही पळवाट सहसा बंद.

आणि दोन्ही परीक्षा देणार असाल ताई, तर पर्यायांचा क्रम वेगवेगळा पाठ करा. जीमॅटमध्ये तिसरा पर्याय "दोन्ही मिळून पुरेशी", चौथा "प्रत्येक एकटं पुरेसं" आणि पाचवा "मिळूनही अपुरी". बँकेच्या पेपरांत बऱ्याचदा तिसरा "कुठलंही एक", चौथा "मिळूनही अपुरी", पाचवा "दोन्ही मिळून". कधीकधी तीन विधानंही देतात, तेव्हा पर्याय वाचूनच घ्यावे लागतात. जीमॅटमध्ये हे प्रश्न आता डेटा इनसाइट्स विभागात येतात, ४५ मिनिटांत २० प्रश्न. तिथे पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण या प्रकारात त्याला हात लावायची वेळ आली तर बहुधा आपण नको ते काढत बसलोय असं समजा.

कुळागर:
देव बरें करूं दोघांनाही. मिश्रणाची गणितं आज रात्री याच पद्धतीने करून बघते, अडलं तर इथेच टाकते.