मदत हवी आहे : लंडन मॅरेथॉनसाठी निधी जमवताना गिफ्ट एड कशाकशावर मिळतं?

पाय_मोकळे
लंडन मॅरेथॉनला एका धर्मादाय संस्थेच्या कोट्यातून जागा मिळाली आहे. कर्करोग संशोधनासाठी २,००० पौंड जमवायचेत. मंडळाच्या कार्यक्रमात वडापावचा स्टॉल लावला तर त्या पैशांवर गिफ्ट एड (करदात्याच्या देणगीवर ब्रिटिश सरकार संस्थेला देतं ती जादा रक्कम) मिळेल का? लोकांनी दिलेली रोख रक्कम माझ्या कार्डाने एकदम भरली तर चालेल? आणि पुण्याचे नातेवाईक द्यायला तयार आहेत, त्यांचं काय?

हिशेबनीस
वडापावच्या पैशांवर नाही. ती विक्री झाली, देणगी नव्हे. सोडतीच्या तिकिटांचंही तेच.

रोख एकदम भरायला हरकत नाही, पण ऑनलाइन भरताना गिफ्ट एडवर टिक करू नका. ती टिक म्हणजे ‘हे पैसे माझे स्वतःचे’ असं जाहीर करणं. लोक नेमके इथेच चुकतात. त्याऐवजी संस्थेकडून छापील प्रायोजक फॉर्म मागवा. एका ओळीत एकच माणूस: पूर्ण नाव, घरचा पत्ता (ऑफिसचा नको), पोस्टकोड, रक्कम, तारीख आणि टिक, सगळं ज्याचं त्याने भरायचं. ‘मंडळाचे मित्र, ५० पौंड’ अशी ओळ बाद होते. फॉर्म संस्थेकडे पाठवा, दावा तीच करते.

१०० पौंडांवर संस्थेला वर २५ मिळतात. मात्र देणाऱ्याने त्या करवर्षात यूकेत निदान त्या २५ पौंडांइतका कर भरलेला हवा. कर न भरणारे विद्यार्थी, भेटीला आलेले आईवडील यांनी टिक केली तर फरक त्यांच्याच गळ्यात पडतो. ४० टक्के दराने कर भरणाऱ्यांना मात्र आवर्जून सांगा की १०० पौंडांवर त्यांना स्वतःला २५ पौंडांची करसवलत मागता येते. मग देणगीचा आकडा वाढतो!

स्टॉलवर देणगीची पेटी वेगळी ठेवा. ३० पौंडांपर्यंतच्या रोख देणग्यांवर संस्थेला फॉर्मशिवायही दावा करता येतो, पण त्याला वर्षाला ८,००० पौंडांची मर्यादा आहे. मोठ्या संस्थेची ती बहुधा आधीच संपलेली असते, तेव्हा त्यावर विसंबू नका.

सह्याद्री_ते_थेम्स
पुण्याच्या पैशांवर गिफ्ट एड नाही आणि ब्रिटिश संस्थेला दिल्यामुळे भारतातली ८०जीची करसवलतसुद्धा नाही. त्यांनी तुम्हाला रुपये पाठवले आणि तुम्ही पौंड भरले, तरी टिक नाहीच. थेट देणार असतील तर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायला सांगा. पेमेंट फसतं ते बहुधा तिथेच. देणगीच्या पानावर वेबसाइटसाठी ‘टिप’ मागतात, ती ऐच्छिक असते. काका-मावशींना आधीच सांगून ठेवा.

पाय_मोकळे
आभार! २,००० मध्ये गिफ्ट एड धरतात का?

हिशेबनीस
बहुतेक संस्था धरत नाहीत, करारात बघा. दुखापत झाली तर जागा पुढच्या वर्षी मिळते का, हेही लेखी विचारून घ्या. जमवलेले पैसे मात्र संस्थेकडेच राहतात. आणि रस्त्यावर डबा घेऊन उभं राहायचं असेल तर आधी परवाना, बहुतेक ठिकाणी कौन्सिलचा, लंडनमध्ये पोलिसांचा. सुपरमार्केटच्या दारात उभं राहायचं तर मॅनेजरची परवानगी.