मदत हवी आहे : फणी शर्मा यांच्या रंगभूमीवरील अभिनयाविषयी

असमिया रंगभूमी आणि चित्रपट या दोन्हींत मोठे काम केलेले नट फणी शर्मा यांच्यावर मी मराठीत लेख लिहीत असून, त्यांच्या चित्रपटांचा धागा बऱ्यापैकी हाती लागला आहे : १९३५ च्या 'जयमती' या पहिल्या असमिया बोलपटातील भूमिका, १९४८ मध्ये विष्णुप्रसाद राभा यांच्यासह दिग्दर्शित केलेला 'सिराज' आणि १९५५ चा 'पियली फुकन'.

अडले आहे ते नाटकांपाशी. तेजपूरच्या बाण रंगमंचावर घडलेला हा नट पडद्यावर येताना आपला आवाज आणि हालचाली किती बदलत असे, हेच लेखाचे मर्म आहे. परंतु 'जयमती'ची काही रिळेच उरलेली असताना केवळ पडद्यावरून अंदाज बांधणे मला अप्रामाणिक वाटते. इंग्रजी संदर्भ चाळले, त्यांत नाटकांच्या नावांपलीकडे फारसे काही मिळाले नाही. मला बंगाली वाचता येत असल्यामुळे असमिया मजकूरही सावकाश का होईना उलगडतो. तेजपूरला जाणे मात्र येत्या दोन महिन्यांत शक्य नाही.

त्यांचा रंगमंचावरील अभिनय प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी केलेले वर्णन कोणत्या पुस्तकात वा नियतकालिकात आहे, आणि ते पुण्या-मुंबईत किंवा टपालाने कसे मिळवता येईल?