जुन्या नेटवर्क केबली कशा ओळखाव्यात?

प्रश्न (निपाणी): आमच्या हायस्कूलच्या विज्ञान प्रदर्शनासाठी जुन्या नेटवर्क केबली जमवल्या आहेत. तीन काळ्या केबलींना सारखेच बीएनसी कनेक्टर (फिरवून अडकवायचे गोल जोड) आहेत आणि मल्टिमीटरने त्यांतला फरक कळत नाही. चिठ्ठ्या मराठी व कन्नड दोन्हींत लावायच्या आहेत. मुलांसमोर चुकीचे नाव जाऊ नये, म्हणून विचारतो.

उत्तर (बेळगाव): सर, मल्टिमीटर फक्त तारेचा रोध दाखवतो. ५०, ७५ किंवा ९३ ओहम हा केबलचा इम्पीडन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध असतो, आणि तो मधली तार, बाहेरची जाळी व त्यांमधले इन्सुलेशन यांवर ठरतो. म्हणून मोजायची ती जाडी. आधी आवरणावरची छपाई तिरप्या उजेडात वाचा. ती पुसली गेली असेल, तर व्हर्नियर लावा. सुमारे ५ मिलिमीटर भरली, तर ती बहुधा आरजी-५८, म्हणजे ५० ओहमची पातळ इथरनेट (संगणक जोडण्याच्या इथरनेट पद्धतीची बारीक केबल). तिचा एक सेगमेंट (दोन टोकांमधला सलग भाग) १८५ मीटरपर्यंत चालत असे.

उरलेल्या दोन्ही ६ मिलिमीटरच्या आसपास भरतील, तेव्हा टोक कापूनच पाहावे लागेल. बारीक तारेभोवती प्लॅस्टिकचा दोरा मळसूत्रासारखा गुंडाळलेला आणि त्यावर पोकळ नळी दिसली, तर ती ९३ ओहमची आरजी-६२, आर्कनेट या जुन्या संगणक-नेटवर्कमध्ये वापरली जाणारी. आतली हवाच तिथे इन्सुलेशनचे काम करते, आणि मुलांना भिंगातून हे अवश्य दाखवावे. तारेला चिकटून भरीव प्लॅस्टिक असेल, तर ती ७५ ओहमची आरजी-५९ असण्याचा संभव अधिक. ती मुख्यतः टीव्ही आणि कॅमेऱ्यांसाठी असते, तेव्हा तिला नेटवर्कच्या रांगेत मांडू नये.

उत्तर (खानापूर): वरील उत्तराशी सहमत आहे. जाड इथरनेट मिळाली, तर तीही ठेवा. ती साधारण १० मिलिमीटर जाड, बहुधा पिवळी, आणि दर २.५ मीटरवर खूण असलेली असते. त्या खुणेपाशीच ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारे व घेणारे उपकरण) जोडायचा असे. मात्र केवळ रंगावरून निर्णय करू नये.

प्रश्नकर्ता (निपाणी): एका केबलमध्ये हवेची पोकळी आणि दोरा स्पष्ट दिसला. पातळ इथरनेट मात्र जोडून दाखवायची आहे. जोडणी बरोबर आहे हे कसे तपासावे?

उत्तर (बेळगाव): दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला बसवायचे रोधक) लावा आणि संगणक बंद ठेवून मधल्या टी-कनेक्टरवर मधली पिन व बाहेरचे कवच यांत रोध मोजा. इथे मल्टिमीटर उपयोगी पडतो: सुमारे २५ ओहम आले, तर जोडणी ठीक, ५० आले, तर एक टर्मिनेटर निघालेला आहे किंवा वाटेत तार तुटली आहे.