फुटबॉल फायनलचे पास ४२०, मागणारे १,६८०. वाटायचे कसे?

सातरस्ता
सोलापूरच्या पार्क मैदानावर आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल आहे. आमच्या कॉलेजला ४६० पास मिळणार, सगळे फुकट. त्यातले ४० खेळाडूंच्या घरच्यांना आणि स्वयंसेवकांना, उरले ४२०. गेल्या वेळी जिमखान्याच्या खिडकीवर सकाळी ८ ला रांग लावून वाटप केलं. हॉस्टेलवाले पहाटेपासून उभे, आणि अक्कलकोट-मोहोळहून एसटीनं येणारे पोचेपर्यंत खिडकी बंद. एकेकानं मित्रांची पाच-पाच ओळखपत्रं आणून पास उचलले. दुपारी तेच पास कॅन्टीनबाहेर १०० रुपयांना विकले जात होते. एवढं होऊन गॅलरीत जागा रिकाम्या राहिल्या त्या राहिल्याच.
यंदा चिठ्ठ्या टाकायचं म्हणतोय. नावं १,६८० आलीत. यात कुठं फसायला होतं? आणि चार मित्रांना एकत्र बसायचं असेल तर?

भुईकोट
चिठ्ठ्याच बरोबर. रांगेत पास मिळतो तो ज्याच्या हाताशी वेळ आहे आणि जो जवळ राहतो त्याला. ४० किलोमीटरवरून येणाऱ्याचा त्यात काय दोष?

फसतं ते मित्रांच्या गटातच. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी टाकली आणि 'चौघांपैकी एकाची निघाली तरी चौघांना पास' असा नियम केला, तर गणित पार बिघडतं. एकट्याला ४ मध्ये १, म्हणजे २५ टक्के संधी. चौघांपैकी निदान एकाची चिठ्ठी निघायची शक्यता मात्र ६८ टक्क्यांच्या घरात जाते. मग एकटा अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून गटाचा अर्ज एकच, नंबर एकच, आणि गट जास्तीत जास्त चौघांचा. शेवटी दोनच पास उरले आणि पुढचा नंबर चौघांचा आला, तर दोघं जाणार की चौघंही सोडणार, हे अर्जावरच लिहून घ्या. त्या क्षणी ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं.

दुसरं म्हणजे डब्यातल्या चिठ्ठ्या नीट मिसळत नाहीत. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. वर्षाच्या ३६६ तारखांच्या कॅप्सूल महिन्यांच्या क्रमानं भरल्या आणि नीट ढवळल्याच नाहीत. वर्षाअखेरच्या तारखा मग वाजवीपेक्षा लवकर निघत गेल्या. ज्याची तारीख आधी निघेल त्याची भरती आधी; म्हणून ज्याचा जन्म डिसेंबरचा, त्याच्यासाठी ही साधी चूक नव्हती.

त्यापेक्षा असं करा. अर्ज बंद झाले की एक्सेलमध्ये प्रत्येक अर्जापुढे रँड (RAND) हे कुठलाही आकडा काढून देणारं सूत्र टाका. ते आकडे लगेच कॉपी करून 'पेस्ट स्पेशल – व्हॅल्यूज' करा, नाहीतर कुठल्याही सेलला हात लावला की सगळे आकडे बदलतात आणि आधीची यादी परत मिळत नाही. त्या आकड्यांवर क्रम लावा, अर्जांना १ पासून नंबर द्या आणि यादी छापून फळ्यावर चिकटवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ० ते ९ चे चेंडू पिशवीत घालून तीनदा (अर्ज ९९९ च्या वर असतील तर चारदा) एकेक काढायचा, प्रत्येक वेळी परत टाकून. जो नंबर येईल तिथून यादी सुरू, शेवट आला की पुन्हा वरून. नंबर यादीत नसला तर सगळे आकडे नव्यानं काढायचे, नुसता पहिला नाही. आधी यादी, मग आकडा: हा क्रम पाळला तर यादी बनवणाऱ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

विजापूरवेस
शेवटच्या वर्षाच्या मुलांचा विचार करा की. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तिकीटवाटप सोमवारी शेवटच्या वर्षापासून सुरू होतं आणि रोज एकेक वर्ष खाली येत गुरुवारी पहिल्या वर्षाला पोचतं. तिथला खेळ अमेरिकन फुटबॉल, पण अडचण हीच. चार वर्षांत प्रत्येकाची पाळी येते.

भुईकोट
तिथं एका मोसमात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात, म्हणून पाळी येते. तुमच्याकडे फायनल एकच आणि पुढच्या वर्षी कॉलेज तिथवर पोचेल याची खात्री नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांचं एक वर्ष तर आधीच कमी. ज्येष्ठतेपेक्षा हजेरी धरणं मला पटतं. मिशिगन विद्यापीठानं २०१३ ला विद्यार्थ्यांच्या गॅलरीत 'आधी येईल तो पुढे बसेल' आणलं. मुलं नाराज झाली. २०१४ ला राखीव जागा परत आल्या, आणि त्या देताना आधीच्या सामन्यांची हजेरी धरली.

सातरस्ता
पटलं. रिकाम्या जागा आणि काळाबाजार?

पूर्वभाग
पास नावाचा, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) छापलेला, आणि गेटवर ओळखपत्र. यायला जमत नसेल तर पास मित्राला द्यायचा नाही, खिडकीवर परत करायचा. तो यादीतल्या पुढच्या नंबराला जातो. वाटप दोन दिवस, दुपारी १२ ते ४ ठेवा, म्हणजे गावाकडच्यांना परतीची एसटी गाठता येईल. न उचललेले पास तिसऱ्या दिवशी त्याच यादीत खाली सरकवा. अनामत ५० रुपये ठेवू नका. ती ज्याला जड जाते तोच अर्ज करत नाही. त्यापेक्षा पास घेऊन न आलेल्याचं नाव पुढच्या सोडतीतून एकदा वगळा, आणि यंदा ज्यांना मिळाला नाही त्यांना पुढच्या वेळी दोन नंबर द्या. त्यासाठी यंदाची यादी जपून ठेवा.

गेटचा हिशेब आत्ताच करा. एका ओळखपत्राला ८ सेकंद धरले तरी ४२० जणांना ५६ मिनिटं लागतात. दोन गेट केलीत तर २८. सामना ४ ला असेल तर ३ ला उघडा, आणि उन्हात उभ्या पोरांसाठी पाण्याचे जार गेटच्या बाहेर ठेवा, आत नको.

आणि ते ४० पास कुणाला गेले, तेही त्याच फळ्यावर लावा.